विहीणबाईंचा घानातला आठवडा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सात वर्षांपासून अमेरिकेत, युटा राज्यात आहे. जावई तिथलाच. त्याचे आई-वडील, म्हणजे आमचे व्याही आणि विहीणबाई, त्यांच्या चर्चच्या मिशनवर अठरा महिन्यांसाठी आफ्रिकेत घानाला गेलेत. दोघंही पासष्टीच्या पुढचे. घराला कुलूप लावलं, गाडी विकली, खर्च सगळा स्वतःच्या साठवणुकीतून. मुलीचं पहिलं बाळंतपण डिसेंबरमध्ये आहे. हे कळल्यावरही ते थांबले नाहीत. लग्नात याच बाई माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "बाळ झालं की आपण दोघी मिळून करू." आता बर्फात मी एकटी, त्यात माझे गुडघे हे असे. व्हिसा दोघांचाही आहे, पण आमचे हे म्हणतात, "बाळंतपणात माझं काय काम? तू जाऊन ये."

विहीणबाई दर सोमवारी सगळ्या नातेवाइकांना लांबलचक मेल पाठवतात, आठवडा कसा गेला त्याचा. मी दोन ओळी वाचते आणि बंद करते. परक्यांच्या मुलांना जेवू घालायला वेळ आहे, स्वतःच्या नातवंडासाठी नाही! त्यात हे त्या मेलांनी अगदी भारावलेत. वीज मंडळातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता म्हणतात, आपणही वर्षभर नर्मदाकाठच्या एखाद्या आश्रमशाळेत राहू, मुलांना शिकवू. मला न विचारता तिथे बोलणी करून आले. मन फार कडू झालंय. माझं चुकतंय का? तीन मेल सोबत जोडते, मुलीनं मराठी करून दिलेत. तुम्हीच वाचा.

— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

तुम्ही दोन ओळींत मिटलेले तिन्ही मेल मी शेवटपर्यंत वाचले. दुसरा तर दोनदा वाचला. म्हणून आधी तुम्हाला तुमच्या विहीणबाईंचा आठवडाच सांगते. तो ठाऊक नसेल तर आपण नेमक्या कशावर रागावलोय हेच कळायचं नाही.

त्या राहतात ते केप कोस्ट हे घानातलं समुद्रकाठचं शहर, मासेमारीचं. सोमवार त्यांचा मोकळा वार. धुणं, बाजारहाट, पिंपं भरून ठेवणं, कारण वीज गेली की पाण्याचा पंपही थांबतो. आणि मग तो मेल. मंगळवारी दोघं गाडी काढून तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या बघत फिरतात. ही मुलं अठरा-एकोणीस-वीस वर्षांची. मुलगे दोन वर्षांसाठी, मुली दीड वर्षासाठी घर सोडून आलेल्या. विहीणबाई मच्छरदाणीला भोक पडलंय का बघतात, पाण्याचा फिल्टर उघडून स्वतः घासतात, मलेरियाची गोळी घेतली का विचारतात. एका खोलीत पलंगाखाली करपलेल्या भाताचं पातेलं सापडलं, चार दिवसांचं. ज्यानं लपवलं होतं तो पोरगा लाजेनं लालबुंद झाला. त्या रागावल्या नाहीत. पातेल्यात पाणी आणि मीठ घालून उकळायला ठेवलं आणि करपट कसं सुटतं ते त्याला शेजारी उभं करून दाखवलं. "घरी हे काम त्याच्या आईनं केलं असतं," एवढंच लिहिलंय.

बुधवारी बारा-चौदा पानं त्यांच्या घरी. तिथे 'रेड-रेड' म्हणून पदार्थ असतो, पाम तेलातली चवळीची उसळ आणि सोबत तळलेली पिकी केळी. आपल्या चवळीच्या उसळीची लांबची बहीणच म्हणायची. विहीणबाई तो एका शेजारणीकडून शिकल्या. गुरुवारी चर्चमध्ये मुलींना कीबोर्ड शिकवतात. शुक्रवारी व्याही मासे विकणाऱ्या बायकांना हिशेब लिहायला शिकवतात. त्यांनी प्रत्येकीला दोन डबे आणायला लावले, एकात घरचा पैसा, एकात धंद्याचा. एका बाईनं तिसऱ्याच आठवड्यात येऊन सांगितलं, धंद्याच्या डब्यातला पैसा नवऱ्याला दिला नाही, बर्फ विकत घेतला, आणि त्या दिवशी मासळी नासली नाही. शनिवारी चर्चची झाडलोट. या चर्चमध्ये गावपातळीला पगारी धर्मगुरू नसतो, झाडण्यापासून प्रवचनापर्यंत सगळं सभासदच करतात. रविवारी दोन तासांची उपासना. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेला पैसा गरिबांसाठी द्यायचा. तुम्ही एकादशी करता, तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

आता सांगा, यात हौस कुठे दिसते? पेन्शन घेऊन फिरायला गेलेली ही माणसं नाहीत.

पण म्हणून तुमचा रुसवा खोटा, असंही मी म्हणणार नाही. लग्नात त्यांनी शब्द दिला होता. अशा जोडप्यांना कोवळ्या मुलांसारखं ठरल्या वयात निघावं लागत नाही. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत असते, निघायचं कधी यातही त्यांचं म्हणणं ऐकलं जातं. म्हणजे त्या बाळंतपणानंतर जाऊ शकल्या असत्या. हे तुमच्या मनात आहे आणि ते बरोबर आहे.

शेजारणी 'धर्मप्रचाराला गेले' म्हणून टोचतात, असं तुम्ही मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून खोडलंय. मला वाचता आलं. हो, धर्मासाठीच गेलेत. ते लपवायचं कारण नाही, ती माणसंही लपवत नाहीत. वयस्क जोडप्यांनी दारोदार फिरावं अशी अपेक्षा नसते, ते काम तरुणांचं. पण सगळं चालतं ते श्रद्धेपोटीच. आपल्याच इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशननं 1887 साली काढलं. तेही श्रद्धेपोटीच. आणि पिढ्यान् पिढ्या आपली मुलं तिथे शिकली. आपल्याला त्यांचा धर्म घ्यायचा नसतो म्हणून त्यांचे कष्ट कमी होत नाहीत. तुमच्या व्याह्यांच्या चर्चला लोक सरसकट मॉर्मन म्हणतात. त्यांना पूर्ण नावच आवडतं, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लिहिताना तेवढं लक्षात ठेवा. आणि घाना-नायजेरियात 1978च्या नोव्हेंबरमध्ये या चर्चनं पहिल्यांदा अधिकृतपणे मिशनरी पाठवले तेव्हा गेली ती दोन वयस्क जोडपीच होती. तुमच्या व्याह्यांना ती वाट तिथूनच दिसली असेल.

आता तिसऱ्या मेलकडे येते. त्याचा शेवटचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही, आणि मुलीनंही तो तोंडी सांगितलेला दिसत नाही. त्यात लिहिलंय की त्या पिवळ्या लोकरीचं पांघरूण विणताहेत. दिवसा घामानं लोकर बोटांना चिकटते, म्हणून पहाटे पाचला पंख्याखाली बसून विणतात. नोव्हेंबरमध्ये एक जोडपं मुदत संपवून घरी परतणार आहे, त्यांच्याबरोबर ते पाठवायचंय. पुढचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवते: "सुनेची आई भारतातून येणार आहे. तिला चार ओळी लिहायच्या असं तीनदा ठरवलं, काय लिहावं तेच सुचलं नाही."

हे वाचल्यावर मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. मला माझ्या सासूबाई आठवल्या.

1976 साली माझे सासरे निवृत्त झाले आणि दोघं जोडीनं नर्मदा परिक्रमेला निघाले. ओंकारेश्वराहून, पायी. रीतसर करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मला तेव्हा पाचवा महिना होता. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. सासूबाईंशिवाय माझं करणारं कोणी नव्हतं, आणि त्या चालल्या होत्या. संकल्प सोडलेला, मधे परतायचं नाही. मी त्यांना नमस्कार केला पण तोंडातून शब्द काढला नाही. बडवानीजवळच्या राजघाटावरून त्यांचं पोस्टकार्ड आलं. मग शूलपाणीच्या झाडीच्या अलीकडून एक आलं. प्रत्येक कार्डात पुढच्या मुक्कामाचा पत्ता, 'द्वारा पोस्टमास्तर', आणि 'खुशाली कळव'. मी कळवली नाही. मुलगा झाला, तेही यजमानांनीच कळवलं. मी म्हटलं, यांना नदी प्यारी आहे ना, मग नदीच बघू देत.

परिक्रमा संपवून त्या आल्या तेव्हा मुलगा पळत होता. खूप वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर, त्या मला म्हणाल्या, "अंकलेश्वरला पोस्टात तीन दिवस बसले होते गं. मास्तर म्हणाला, आजी, इंदूरचं काही नाही." बस, एवढंच. मी सत्तरी ओलांडलीय, पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. तक्रार माझी खरी होती. पण मी ती सांगितली असती, अगदी रागानं का होईना, तर त्या बाईला पोस्टाच्या पायरीवर काहीतरी हातात मिळालं असतं. आणि मलाही.

म्हणून तुम्ही लिहा. या आठवड्यातच. इंग्रजी अडखळतं म्हणून थांबू नका, मराठीत लिहा, मुलगी करून देईल. गोड लिहायची गरज नाही. साधारण असं:

"विहीणबाई, तुमचे मेल मी आजवर नीट वाचत नव्हते, कारण मी रागावले होते. आपण दोघी मिळून बाळंतपण करू असं तुम्ही म्हणाला होता. तुम्ही नसणार याचं मला वाईट वाटतं आणि एकटीनं करायची भीतीही वाटते. तिसऱ्या मेलमधलं पांघरुणाचं वाचलं. बाळाला पहिल्यांदा त्यातच गुंडाळीन. पण मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात."

आणि तीन गोष्टी खरोखर मागा. पहिली: अशा जोडप्यांना घरातल्या मोठ्या प्रसंगासाठी मिशनच्या प्रमुखांच्या परवानगीनं, स्वतःच्या खर्चानं, थोड्या दिवसांसाठी घरी येता येतं. तुम्ही येऊ शकाल का, असं सरळ विचारा. परवानगी मिळेलच असं नाही, खर्च झेपेलच असं नाही; पण विचारलंच नाही असं व्हायला नको. दुसरी: त्यांच्या चर्चमधल्या बायकांची एक संघटना आहे, रिलीफ सोसायटी, 1842 पासूनची. घरात बाळ आलं की आजूबाजूच्या बायकांनी आळीपाळीनं जेवण आणून द्यायचं, ही त्यांच्यात रुळलेली रीत आहे. तुमच्या लेकीच्या भागातल्या बायकांना विहीणबाईंनी घानातून एक निरोप धाडला की पहिल्या पंधरा दिवसांचं रात्रीचं जेवण सुटलं. सूप, कॅसरोल असलं काहीतरी असेल, जावई जेवेल. तुम्ही लेकीसाठी आपली मुगाची खिचडी आणि डिंकाचे लाडू बघा. गुडघ्यांना तेवढाच आराम.

तिसरी गोष्ट, एक ठरलेली वेळ. रविवारची उपासना आटोपली की त्यांच्या दुपारी तीनला आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात. तुम्ही इथे आहात तोवर रविवारी साडेआठ. डिसेंबरमध्ये युटाला गेलात की त्यांच्या तीन वाजता तुमच्याकडे सकाळचे आठ, म्हणजे बाळाच्या अंघोळीची वेळ. तेल चोळून, शेक देऊन पायांवर न्हाऊ घालताना फोन समोर टेकवून ठेवा. बघू द्या त्यांना. लग्नातला 'दोघी मिळून' इतका तरी पुरा होईल.

बारशाचं काय होणार अशी धास्ती मनात असेल तर ती उगाच आहे. त्यांच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. तो आठव्या वर्षाआधी नसतोच. लहानपणी होतो तो नाव ठेवून आशीर्वाद देण्याचा छोटा विधी, चर्चमध्ये, बहुतेकदा उपासाच्या रविवारी. तुमचं बाराव्या दिवशीचं पाळण्यातलं बारसं आणि तो विधी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. काय करायचं ते लेक-जावई ठरवतील, तुम्ही पाळण्याची दोरी तेवढी बॅगेत टाका. घानात आणखी एक गोड रीत आहे: तिथल्या अकान लोकांत बाळ ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ. संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान आठवतात ना, त्यांचा जन्म शुक्रवारचाच. विहीणबाईंच्या कीबोर्डवाल्या मुली आत्ताच पैजा लावून बसल्यात, पहिल्याच मेलमध्ये आहे. वार कळवायचं काम तुमचं.

आता तुमच्या घरातलं.

"परक्यांच्या मुलांसाठी वेळ आहे, स्वतःच्या नातवंडासाठी नाही" हे वाक्य तुम्ही विहीणबाईंसाठी लिहिलंय. मला ते वाचताना तुमचे यजमानच डोळ्यांसमोर आले. अनोळखी मुलांना वर्षभर शिकवायला ते एका पायावर तयार आहेत, आणि पोटच्या मुलीच्या घरी दोन महिने जायचं म्हटलं की 'माझं काय काम'. तुम्ही रागावलायत ते यांच्यावर, आणि कडवटपणा निघतोय तो हजारो मैलांवरच्या बाईवर. निदान थोडासा.

काम काय, ते मी सांगते, पत्र त्यांना वाचायला द्या. दारातला बर्फ फावड्यानं काढणं. किराणा आणणं. रात्री दोनला बाळ रडलं की घंटाभर खांद्यावर घेऊन फिरणं, म्हणजे लेक झोपेल. भांडी. जावयाला धीर देणं, कारण पहिलटकरणीच्या नवऱ्याला कोणी विचारत नाही. यातलं काय बाईलाच जमतं?

आणि आश्रमशाळेचं. कल्पना चांगली आहे, मी तिला मोडता घालणार नाही. पण व्याह्यांच्या मेलमधून त्यांनी अर्धंच घेतलं. तिथे जाण्याआधी अर्ज दोघांनी भरलेला असतो, वैद्यकीय तपासणी दोघांची झालेली असते, बिशप, म्हणजे त्यांच्या स्थानिक चर्चचा प्रमुख, दोघांशीही बोललेला असतो. बाईच्या छातीवर तिची स्वतःची काळी नावपट्टी असते आणि आठवड्यात तिची स्वतःची कामं असतात. मंगळवारची तपासणी आणि गुरुवारचा कीबोर्ड हे विहीणबाईंचं, शुक्रवारचा हिशेब व्याह्यांचा. तुमच्या नर्मदाकाठच्या आठवड्यात तुमचं काय आहे? ते गणित शिकवणार आणि तुम्ही दोन खोल्यांत चूल सांभाळणार असाल, तर ती त्यांची सेवा झाली आणि तुमची नुसती बदली. त्यांना सोमवार ते रविवार असे सात रकाने आखायला लावा, दोघांच्या नावानं. तुमच्या रकान्यात 'स्वयंपाक' सोडून काही येत नसेल तर नाही म्हणा, आणि तसं म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका. काही येत असेल, तुम्हाला आवडेल असं, तर आधी आठ दिवस राहून बघा, तेही मार्चनंतर, युटाहून परतल्यावर. ज्यांच्याशी ते बोलून आलेत त्यांना तोवर थांबायला सांगता येतं.

सध्या तिकिटं काढायची आहेत, ती दोन काढा. डिसेंबरला अजून वेळ आहे, तेवढ्यात यजमानांना चार गोष्टी शिकवून ठेवा: मऊ खिचडी, पोहे, तुपातला शिरा आणि बाळाचे लंगोट तिकोनी कसे घडी करायचे ते. पोह्यांपासून सुरुवात करा, इंदूरच्या माणसाला ते लवकर जमतात.